विकत घेतलेले फुकट

विंध्याचा घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्याकडे वळले म्हणजे देवास जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला कांटाफोड, सतवास या गावांच्या टापूत लोहारदा नावाचे गाव लागते. सोयाबीन, गहू आणि हरभरा पिकविणारा हा मुलूख. आमच्या एका सहकाऱ्यांचे घर तेथे आहे. देवासला पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पाती होत्या, त्या काळी चाकरीच्या निमित्ताने जी मराठी घराणी माळव्यात आली आणि १९४८ साली संस्थाने विलीन झाल्यावरही तेथेच राहिली, त्यांपैकीच हे एक. गेल्या दिवाळीच्या सुटीत त्यांच्या आग्रहावरून आम्ही चार दिवस लोहारद्यास जाऊन राहिलो. जे पाहण्यासाठी गेलो ते सारे पाहून झाले. परंतु मनात घर करून राहिले ते मोटारथांब्याजवळचे एक लहानसे दुकान. त्याविषयीच आज विद्यार्थिमित्रांशी आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांशी चार शब्द बोलावे असे योजिले आहे.

दुकान म्हणजे दहा फूट लांब व आठ फूट रुंद अशी एक खोली. आत एक संगणक, एक छपाईयंत्र, झेरॉक्सचे यंत्र आणि भिंतीवर लावलेला निळा पडदा, कारण येथे ओळखपत्रासाठी फोटोही निघतात. बाहेर पाटी: सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. आमच्या सहकाऱ्यांना एका कागदाची प्रत हवी होती म्हणून आम्ही तेथे उभे होतो. आमच्यापुढे एक वृद्ध शेतकरी आणि त्यांची नववीत शिकणारी नात उभी होती. मुलीला भूगोलाचे पाठ्यपुस्तक हवे होते. बाजारात ते संपले होते. दुकानदाराने ते संगणकावर शोधले, छापून दिले आणि हिशेब सांगितला: छपाईचे इतके, आणि 'डाऊनलोड'चे शंभर. आजोबांनी धोतराच्या कनवटीची गाठ सोडून पैसे मोजले. ते पुस्तक राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचे, म्हणजे ज्याला आपण सारे एनसीईआरटी म्हणतो त्या संस्थेचे होते. या संस्थेची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर कोणालाही, कोणत्याही वेळी, एक पैसाही न देता उतरवून घेता येतात. आपल्या महाराष्ट्रातील बालभारतीनेही, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळानेही, आपली पुस्तके अशीच खुली ठेवली आहेत.

छपाईचे पैसे योग्यच होते. कागद लागतो, शाई लागते, वीज लागते. आम्हांस खटकले ते शंभर रुपये. परंतु त्या दुकानदाराला नावे ठेवण्याआधी आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर वाचक म्हणतील की, मास्तरांना दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ तेवढे दिसते.

काही वर्षांपूर्वी आम्हांस पासपोर्ट काढावयाचा होता. फोनवर 'पासपोर्ट' असा शब्द घालून शोध घेतला, जे पहिले पान वर आले ते उघडले. पानावर सरकारी वाटावे असे चित्र होते, तिरंग्याच्या रंगाची पट्टी होती, भाषाही सरकारी थाटाची होती. आम्ही सर्व माहिती भरली आणि पावणेतीन हजार रुपये भरले. आठ दिवसांनी कळले की, ते पान सरकारचे नव्हतेच. अर्ज कोठेही पोहोचला नव्हता. साध्या, छत्तीस पानी पासपोर्टाचे सरकारी शुल्क १,५०० रुपये आहे आणि अर्ज भरण्यास किंवा भेटीची वेळ घेण्यास त्याहून वेगळे काही द्यावे लागत नाही. पासपोर्टाची खरी जागा एकच, पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन. आणि तिच्याशी मिळतीजुळती नावे घेऊन बसलेल्या बनावट स्थळांपासून सावध राहा, अशी सूचना परराष्ट्र मंत्रालयाने स्वतःच दिलेली आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, वर्गात मुलांना 'नीट वाचा, मग उत्तर लिहा' असे रोज सांगणारे. आणि पत्त्याच्या शेवटी काय लिहिले आहे ते वाचण्याचे मात्र विसरलो. घरी हे बोलण्याची सोय नव्हती. आज प्रथमच छापील शब्दांत बोलत आहोत.

तेव्हा प्रश्न केवळ खेड्यातल्या आजोबांचा नाही. जी वस्तू शेजारच्या दारी फुकट मिळते तिच्यासाठी माणूस पैसे का देतो, आणि ते देणे नेहमीच चुकीचे असते का, हा विचार करण्यासारखा विषय आहे.

प्रथम हे पाहू की, अशा वस्तू फुकट असूच कशा शकतात. जुन्या छापखान्यांची गोष्ट घ्या. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि तेथल्या देवनागरी खिळ्यांचा लौकिक देशभर झाला. हे खिळे शिशाच्या मिश्रधातूचे. एका छापखान्याने ते विकत घेतले म्हणजे ते त्याचे झाले. त्याच वेळी दुसऱ्याला ते वापरता येत नसत. दुसऱ्याला हवे असतील तर पुन्हा धातू वितळवावा लागे, पुन्हा साचा भरावा लागे, पुन्हा मजुरी द्यावी लागे. म्हणून प्रत्येक संचाला किंमत असणे न्याय्यच होते. संगणकातील अक्षरांचे मात्र तसे नाही. ती घडविताना कलावंताचे महिने आणि वर्षे खर्ची पडतात, पण एकदा घडल्यावर त्यांची दुसरी प्रत, दहावी प्रत किंवा लाखावी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिल्याचे तेल उणे होत नाही, तशातला हा प्रकार. संगणकाच्या आज्ञावल्या, पुस्तकांच्या प्रती, सरकारी अर्जांचे नमुने या सर्वांना हाच न्याय लागू आहे.

तथापि पहिला दिवा कोणाच्या तरी तेलावर पेटलेला असतो. तो खर्च कोणी केला, हे विचारल्यावाचून 'फुकट' या शब्दाचा अर्थ लागत नाही. सरकारी पुस्तकाचा किंवा अर्जाचा खर्च आपण कराच्या रूपाने आधीच दिलेला असतो. लोहारद्याच्या आजोबांनी बाजारातून साबणाची वडी घेतली तेव्हाच त्यातला अंश सरकारजमा झाला. विकिपीडियासारख्या ज्ञानकोशाचा खर्च वाचकांच्या देणग्यांतून आणि हजारो लेखकांच्या विनामूल्य श्रमातून भागतो. त्याची मराठी आवृत्ती २००३ साली सुरू झाली आणि तीत लिहिणारे आपल्यातुपल्यासारखेच लोक आहेत. तिसरा एक प्रकार मात्र असा आहे की, तेथे पैसे मागत नाहीत, आपण काय वाचतो, काय विकत घेतो, कोठे जातो याची नोंद ठेवतात आणि जाहिरातदारांच्या कामी लावतात. अशा फुकटाला फुकट म्हणावे की नाही, याविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. पण तो विषय मोठा आहे, असो.

इंग्रजी भाषेत या विषयावर बोलताना एक मोठी अडचण येते. 'विनामूल्य' आणि 'स्वतंत्र' या दोन्ही अर्थांना त्या भाषेत एकच शब्द आहे. आपल्याकडे 'फुकट' आणि 'मोफत' निराळे, आणि 'मुक्त' निराळे. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली मुक्त आज्ञावल्यांची चळवळ आरंभिली तेव्हापासून त्याला हा फरक समजावून सांगत बसावे लागले आहे. त्याचे म्हणणे असे की, जी आज्ञावली मी वापरतो ती आतून कशी चालते हे मला पाहता आले पाहिजे, ती माझ्या गरजेप्रमाणे बदलता आली पाहिजे आणि शेजाऱ्याला देता आली पाहिजे. पैसे घेऊ नयेत असे त्याने कधीच म्हटले नाही. उलट त्याने स्वतःच १९८५ च्या सुमारास आपली ईमॅक्स नावाची आज्ञावली चुंबकीय फितीवर भरून १५० डॉलरना विकली. तीच आज्ञावली ज्यांच्यापाशी संगणकजाळ्याची जोडणी होती त्यांना फुकट उतरवून घेता येत असे! तरीही लोकांनी फीत विकत घेतली, कारण पुष्कळांपाशी ती जोडणी नव्हती. ते पैसे आज्ञावलीचे नव्हते. फीत भरून टपालाने पाठविण्याचे होते. कोणाचीही फसवणूक झाली नाही, कारण दुसरी वाट आहे हे विकणाऱ्याने लपविले नव्हते.

लोहारद्याच्या दुकानात आणि या फितीत अंतर कितीसे आहे, हे वाचकांनी ठरवावे. आमच्या मते अंतर आहे ते शेवटच्या वाक्याचे.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. १९७६ साली बिल गेट्स या तरुणाने संगणकाचा छंद असणाऱ्या मंडळींना एक उघडे पत्र लिहिले. त्याने व त्याच्या सोबत्यांनी ऑल्टेअर या लहान संगणकासाठी बेसिक भाषेची आज्ञावली तयार केली होती. लोक तिच्या प्रती काढून एकमेकांस वाटत होते आणि पैसे देणारे थोडेच होते. श्रम करणाऱ्याला मोबदला नसेल तर चांगले काम कोण करील, असा त्याचा सवाल होता. सवाल खोटा नाही. चोरून उतरविलेली आज्ञावली आणि मुक्तपणे दिलेली आज्ञावली या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत फुकटेपणा आहे. दुसरीत देणाऱ्याचा राजीखुशीचा हात आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पहिलीचाच सुळसुळाट असतो आणि दुसरीची वार्ताही नसते, ही खेदाची गोष्ट होय.

हे सारे आम्हांस सर्वांत जवळून कळले ते अक्षरांच्या बाबतीत. नियतकालिकाची जुळवाजुळव ज्यांनी केली आहे त्यांना हा त्रास ठाऊक आहे. पूर्वी संगणकावर देवनागरी उमटविण्याची जी युक्ती होती ती अशी: यंत्राला कळत असे इंग्रजीच, मग इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवीत. माळव्यात आणि साऱ्या हिंदी मुलखात जो कृतिदेव नावाचा फाँट चालतो तो याच जातीचा. त्यात 'मराठी' असे उमटविण्यासाठी प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच या कळा दाबाव्या लागतात. आपल्या पडद्यावर 'मराठी' दिसते. पण तोच मजकूर ज्याच्यापाशी तो फाँट नाही त्याच्याकडे पाठविला की, त्याला दिसतो तो या पाच इंग्रजी अक्षरांचा निरर्थक घोळका. मग त्यानेही तोच फाँट आणावा. निरनिराळ्या कंपन्यांचे असे निरनिराळे संच होते. एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे. छापखाना बदलला की सारा मजकूर पुन्हा टंकित करण्याची पाळी येई. एकदा आमच्या हाती आलेल्या विद्यार्थ्यांच्या कवितांचे असे गवत झाले होते की, मूळ वह्या घरून पुन्हा मागवाव्या लागल्या, आणि दोघांच्या वह्या तोवर रद्दीत गेल्या होत्या. त्या कविता गेल्या त्या गेल्याच.

या रोगावरचे औषध जगात १९९१ सालापासून आहे. त्याचे नाव युनिकोड. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक, अशी ही व्यवस्था. देवनागरीसाठी त्यात १२८ जागांचा एक गट अगदी आरंभापासून राखलेला आहे, आणि त्याची मांडणी आपल्याच देशात तयार झालेल्या इस्की या प्रमाणावरून घेतलेली आहे. क्रमांक अक्षराचा आहे, चित्राचा नाही. म्हणून फाँट कोणताही असो, 'म' हा 'म'च राहतो. टंकनासाठी इनस्क्रिप्ट नावाची कळांची सरकारमान्य मांडणी आहे आणि ती आज बहुतेक प्रत्येक संगणकात वेगळे मूल्य न देता आलेली असते. तीत 'ल'च्याच कळीवर शिफ्ट दाबली की 'ळ' उमटतो. आमच्यासारख्या कोकणी बोलणाऱ्या घरातल्या माणसाला 'ळ'वाचून एक ओळही लिहिता येणे कठीण, त्यामुळे ही सोय पाहून आम्हांस फार बरे वाटले. मराठी, कोकणी, हिंदी, संस्कृत, नेपाळी या सर्वांना हाच एक संच पुरतो.

आणि अक्षरांची चित्रे? तीही मुक्त आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले मुक्ता आणि बालू, मुंबईच्या आयआयटीमधून आलेला शोभिका, रेड हॅट या कंपनीने पुरस्कारिलेला लोहित, हे सारे फाँट वापरण्यास, वाटण्यास आणि छापण्यास मोकळे आहेत. शोभिकामध्ये संस्कृतची अवघड जोडाक्षरेदेखील नीट बसतात. असे असूनही कित्येक कचेऱ्या आणि संस्था जुन्या जातीचे संच वर्षानुवर्षे विकत घेत राहिल्या. कारण विचारले तर उत्तर मिळे, 'टंकलेखकाचा हात त्यावर बसला आहे.' हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. हात बसणे ही सुद्धा एक प्रकारची गुंतवणूक असते. दहा वर्षे ज्या कळांवर पोट भरले त्या सोडून नव्या शिकणे म्हणजे काही महिने आंधळ्यासारखे चाचपडणे. त्या काळात काम कोण करणार? फुकट वस्तूची किंमत पुष्कळदा येथे द्यावी लागते. येथे हेही सांगितले पाहिजे की, ज्या कंपन्यांनी संच विकले त्यांनी जगात दुसरे काहीच नव्हते तेव्हा मराठीला संगणकावर आणले. त्या वेळी दिलेले पैसे वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. वाया गेले ते नंतरचे.

केरळ राज्याने मात्र या बाबतीत निराळी वाट धरली. तेथील सरकारी शाळांतून संगणकाचे शिक्षण मुक्त आज्ञावल्यांवरच देण्यात येते; मुलांचा हात प्रथमपासून तेथेच बसतो, मग मोडण्याचा प्रश्न उरत नाही. आमच्या मते यात मोठे शहाणपण आहे.

लिबरऑफिस नावाची एक आज्ञावली आहे. पत्र लिहिणे, हिशेबाचे तक्ते करणे, ही कचेरीची सर्व कामे तीत होतात. २०१० सालापासून ती एका धर्मादाय संस्थेच्या छायेखाली चालते आणि तिच्या संकेतस्थळावरून कोणासही फुकट मिळते. हीच आज्ञावली त्या संस्थेने २०२२ साली ॲपल कंपनीच्या दुकानात ८.९९ युरो किंमत लावून ठेवली! आपल्याकडचे पुष्कळ लोक हे ऐकून म्हणतील, हा तर ढोंगीपणा झाला. तसे नाही. ज्याला त्या दुकानातूनच घेण्याची सवय आहे, ज्याला आपोआप होणाऱ्या सुधारणा हव्यात, किंवा ज्याला संस्थेला हातभार लावावयाचा आहे, त्याने ते पैसे द्यावेत. ज्याला नको त्याने मूळ ठिकाणी जावे. कोणते पैसे कशाचे, हे तेथे स्पष्ट केलेले असते. रेड हॅट कंपनी तर मुक्त आज्ञावल्यांवरच मोठी झाली. लोक तिला पैसे देत ते यंत्र बंद पडले तर मध्यरात्रीही कोणीतरी फोन उचलील म्हणून. तिला आयबीएम कंपनीने २०१९ साली ३४ अब्ज डॉलर देऊन विकत घेतले. तेव्हा फुकट वस्तूच्या भोवती केलेल्या चाकरीला मोल नाही असे कोणी समजू नये.

याउलट पीडीएफचे उदाहरण पाहा. १९९३ साली अडोबी कंपनीने हा प्रकार बाजारात आणला तेव्हा असे कागद नुसते वाचण्याच्या आज्ञावलीलाही ५० डॉलर पडत. थोड्याच काळात कंपनीने वाचकाची आज्ञावली फुकट केली आणि २००८ साली पीडीएफ हे सर्वांना खुले असे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. आज दोन पीडीएफ जोडणे, पाने वेगळी करणे ही कामे करणाऱ्या मुक्त आज्ञावल्या पुष्कळ आहेत. तरीही त्याच कामासाठी दरमहा वर्गणी घेणारी ॲपे फोनवर प्रथम दिसतात. 'सात दिवस मोफत' म्हणतात आणि आठव्या दिवसापासून खात्यातून पैसे कापले जाऊ लागतात. आमच्या एका परिचितांच्या खात्यातून असे अकरा महिने पैसे जात होते. ते म्हणाले, 'आम्हांला वाटले बँकेचाच काही आकार असेल.'

पुस्तकांच्या बाबतीत तर अज्ञानाची सीमा होते. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि दुसरी १८५७ साली निघाली, तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द घालून पाहता येतो. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तेथेच आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून निघालेला मराठी विश्वकोश, दोन्ही घरबसल्या वाचता येतात. केतकरांनी आपला कोश पुरा करण्यासाठी किती हालअपेष्टा सोसल्या आणि वर्गणीदार मिळविण्यासाठी गावोगाव किती वणवण केली, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही सोय पाहून काय वाटत असेल! आणि आपली मुले मात्र कुठल्या तरी खाजगी शिकवणीच्या ॲपाला हजारो रुपये भरून त्यातलाच चतकोर तुकडा विकत घेतात. शिकवणाऱ्याचे पैसे द्यावेत. पण कोशाचे आणि पाठ्यपुस्तकाचे कशासाठी?

आता पुन्हा लोहारद्याच्या दुकानाकडे वळू. आम्ही न राहवून दुकानदारास त्या शंभर रुपयांविषयी विचारले. तरुण माणूस, बी.ए. झालेला, नोकरी न मिळालेला. तो रागावला नाही. म्हणाला, "मास्साब, मी पैसे पुस्तकाचे घेत नाही, हातांचे घेतो. दुकानाचे भाडे आहे, विजेचे बिल आहे. दिवसातून तीन वेळा वीज जाते. ह्या बाबांना फोनवर अक्षर दिसत नाही. मी नसतो तर ते देवासला गेले असते, शंभर रुपये भाड्यातच गेले असते." आम्हांस यावर लगेच उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्याचे म्हणणे बहुतांशी खरे होते. सरकारमान्य सेवाकेंद्रांनाही त्यांच्या कामाचे ठरावीक सेवाशुल्क घेण्याची मुभा असतेच. फक्त त्याचे दरपत्रक भिंतीवर असले पाहिजे. येथे भिंतीवर फक्त निळा पडदा होता.

परंतु खरी हानी शंभर रुपयांची नाही, हे आम्हांस त्याच दिवशी संध्याकाळी समजले. ते आजोबा आमच्या सहकाऱ्यांच्या ओळखीचे निघाले. ओसरीवर बसून चहा घेताना त्यांनी थोरल्या नातीची हकीकत सांगितली. केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे; आठवीत परीक्षा द्यावी लागते आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मुलगी परीक्षेत निवडली गेली. अर्ज भरण्यासाठी ती मंडळी एका दुकानात गेली. लोहारद्याच्या नव्हे, दुसऱ्या गावच्या. अर्जाला शुल्क काहीच नव्हते; दुकानदाराने तीनशे रुपये घेतले. तेही असो. पण अर्जात मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात त्याने घातला स्वतःचा क्रमांक, म्हणजे प्रत्येक वेळी येणारा ओटीपी त्याच्याच फोनवर यावा आणि काम लवकर उरकावे. पासवर्डही त्याच्याच वहीत. पुढे बँकेच्या खात्यातील नावात एका अक्षराचा फरक निघाला आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत आला. तसा संदेश आला तो दुकानदाराच्या फोनवर. त्याने मधल्या काळात तो क्रमांकच बदलला होता. मुदत टळून गेली. आजोबा घरी वाट पाहत होते की, पैसे सरकारकडून येणार आहेत, वेळ लागायचाच.

त्या वर्षाचे १२,००० रुपये बुडाले. आजोबांना राग होता तो सरकारवर. दुकानदाराने आपले काम केले, पावतीही दिली, असे ते म्हणत होते.

विद्यार्थिमित्रांनो, या एका रकान्याकडे तुमचे लक्ष वेधण्यासाठीच हा सारा प्रपंच केला आहे. दुसऱ्याकडून अर्ज भरून घेण्यात कमीपणा नाही. श्रमाचे पैसेही खुशाल द्यावेत. पण क्रमांक आपला किंवा घरातल्या माणसाचा घालावा, पासवर्ड आपल्या वहीत लिहावा, आणि पैसे देण्यापूर्वी एवढे विचारावे की, यातले सरकारजमा किती आणि तुमचे किती. ज्याला हे विचारलेले आवडत नाही त्याच्या दुकानाची पायरी उतरून यावे. पत्ता वाचताना शेवटून वाचावा: 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' हे शेपूट सरकारी कचेऱ्यांनाच मिळते. आयुष्मान योजनेचे कार्ड काढण्यास शुल्क नाही. डिजिलॉकरमध्ये कागद ठेवण्यास शुल्क नाही. काही ठिकाणी शुल्क असते, आणि तेही माहीत असावे: महाराष्ट्रात सातबारा नुसता पाहणे फुकट, पण डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये, माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला १० रुपये. मध्य प्रदेशातही खसरा पाहणे फुकट आहे, प्रमाणित नकलेला पैसे पडतात. 'सरकारी म्हणजे सारेच फुकट' असे समजून सेवाकेंद्रातील माणसाशी हुज्जत घालणारेही आम्ही पाहिले आहेत. त्यांची बाजू आम्ही घेणार नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती धाकटी नात आमच्या सहकाऱ्यांच्या घरी आली. त्यांच्या फोनवर तिने विज्ञानाचे पुस्तक स्वतःच उतरवून घेतले. पाच मिनिटेही लागली नाहीत. मग तिने विचारले, हे माझ्या बहिणीच्या फोनवर पाठविता येईल का, आणि मैत्रिणीला दिले तर चालेल का. चालेल म्हणून सांगितले. तिने तेथेच बसून सहा जणींना ते पाठविले. दुसऱ्या दिवशी मोटारीची वाट पाहत आम्ही त्या दुकानासमोर उभे होतो तेव्हा दुकानदार बाहेर आला आणि हसून म्हणाला, "मास्साब, आज विज्ञानाचे गिऱ्हाईक एकही आले नाही." नंतर दिसले की, पाटीखाली त्याने एक कागद चिकटविला होता. वर हाताने लिहिले होते: छपाई, दर पानास इतके, अर्ज भरणे, इतके. 'डाऊनलोड'चा रकाना रिकामा होता.